उद्याचे प्राध्यापक आणि आपण
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात, गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी दिलेले व्याख्यान)



संस्थेच्या चिटणिसांनी या प्रसंगी चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली आणि विषयाची निवड आमच्यावरच सोपविली. अशा समारंभात वक्त्याने मुलांना ‘खूप शिका, मोठे व्हा’ असा उपदेश करावा, ही चाल जुनी आहे. तो उपदेश आम्ही करणार नाही. कारण तो कोणी न करताही आपली मुले शिकत आहेत. आज ज्यांचा सत्कार झाला त्यांच्यात एम.ए., एम.एस्सी. झालेले विद्यार्थी आहेत, पीएच.डी.साठी नाव नोंदविलेलेही आहेत. मघाशी फराळाच्या वेळी आम्ही त्यांना सहज विचारले, ‘‘पुढे काय करणार?’’ तेव्हा दोघातिघांनी उत्तर दिले, ‘‘प्राध्यापक व्हायचे आहे.’’ ते ऐकून आम्हांस आनंद झाला आणि खरे सांगावयाचे तर थोडी धास्तीही वाटली. त्या धास्तीचे कारण आपणांपुढे मांडावे, म्हणून हा विषय आम्ही निवडला आहे.

आपल्याकडे प्राथमिक शाळेत शिकविणाऱ्यास अध्यापनाची पदविका लागते. माध्यमिक शाळेत शिकविणाऱ्यास बी.एड. व्हावे लागते. पाठ घ्यावे लागतात, त्यांची टाचणे काढावी लागतात, मागच्या बाकावर बसलेल्या निरीक्षकांची टीका ऐकून घ्यावी लागते. परंतु महाविद्यालयात शिकविणाऱ्याकडून यांतील कशाचीही अपेक्षा केली जात नाही. विषयाची वरची पदवी, त्यानंतर नेट किंवा सेट, अथवा पीएच.डी., एवढी पात्रता पुरते. १९८९ पासून नेट परीक्षा सुरू झाली. तिच्यात अध्यापनाविषयीही काही प्रश्न विचारतात हे खरे. पण ते चार पर्यायांतून एक निवडण्याचे प्रश्न. परीक्षार्थीला वर्गापुढे एकदाही उभे राहावे लागत नाही. ज्याला विषय येतो त्याला तो शिकविता येतोच, असे आपण गृहीत धरून चाललो आहोत. हे गृहीत किती महागात पडते, ते आम्ही स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

१९७५ च्या जून महिन्यात आम्ही एका महाविद्यालयात रसायनशास्त्राचे अधिव्याख्याते म्हणून रुजू झालो. एम.एस्सी.ला पहिला वर्ग मिळाला होता, आणि त्याचा अभिमानही थोडाथोडका नव्हता. विभागप्रमुखांनी आमच्या हाती वेळापत्रक, पाठ्यपुस्तक आणि खडूची पेटी दिली. अध्यापनाचे म्हणून जे शिक्षण आम्हांस मिळाले ते एवढेच. पहिल्या वर्षाच्या वर्गात सव्वाशे मुले होती. पन्नास मिनिटांच्या तासासाठी आम्ही रात्र जागून जी तयारी केली होती, ती बावीस मिनिटांत संपली. उरलेला वेळ कसा भरावा ते सुचेना. म्हणून आम्ही टिपणे सांगू लागलो आणि मुले ती उतरवून घेऊ लागली. पुढची दोनतीन वर्षे आम्ही अशीच टिपणे सांगत राहिलो. मुलांची तक्रार नव्हती, प्राचार्यांची तक्रार नव्हती, निकालही बरे लागत होते.

त्याच वर्षी त्या वर्गात आपल्या ज्ञातीच्या वसतिगृहात राहणारा एक मुलगा होता. कोकणातील एका लहान गावातून, मराठी माध्यमातून शिकून आलेला. एके दिवशी तास संपल्यावर तो भीत भीत आमच्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, ‘‘सर, मोल म्हणजे नेमके काय? गणित सुटते, पण ते आहे काय, ते कळत नाही.’’ आम्ही त्याला पुस्तकातील व्याख्या पुन्हा वाचून दाखविली. बारा ग्रॅम कार्बनमध्ये जितके अणू असतात तितक्या कणांचा समूह म्हणजे एक मोल. तो गप्प उभा राहिला. तेव्हा आम्ही म्हणालो, ‘‘आता सूत्र पाठ कर, पुढे कळेल.’’ त्यानंतर तो पुन्हा कधी प्रश्न घेऊन आला नाही. वर्षअखेरीस त्याने विज्ञानशाखा सोडली, असे वसतिगृहाच्या व्यवस्थापकांकडून समजले.

आज तोच प्रश्न कोणी विचारला तर आम्ही त्याला बाजारात नेऊ. डझन केळी आणि डझन नारळ यांत फळांची संख्या एकच, वजन मात्र निराळे. डझन हे मोजण्याचे एक माप आहे. मोल हेही तसेच माप. फरक इतकाच, की डझनात बारा असतात आणि मोलात ६०२ वर एकवीस शून्ये द्यावीत इतके कण असतात. कारण अणू इतके सूक्ष्म, की त्यांना याहून लहान माप पुरत नाही. कार्बनचा एक मोल बारा ग्रॅम भरतो आणि ऑक्सिजनच्या अणूंचा सोळा ग्रॅम, ते केळी आणि नारळ यांच्या वजनात फरक पडतो त्याच कारणाने. एवढे सांगावयास पाच मिनिटे पुरतात. ती पाच मिनिटे त्या वेळी आमच्यापाशी नव्हती असे नाही. ती कशी वापरावीत हे आम्हांस कोणी शिकविले नव्हते. मोल आम्हांस येत होता. मोल न येणाऱ्याचे मन आम्हांस येत नव्हते. ही विद्या निराळी आहे आणि ती निराळीच शिकावी लागते, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

हा विचार परदेशातून उसना आणलेला आहे, असे मात्र कोणी समजू नये. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांत श्रेष्ठ कोण, असा वाद उपस्थित होतो. तेथे परिव्राजिका जो निवाडा सुचविते त्याचा आशय असा, की कोणाची कला त्याच्या स्वतःपुरती उत्तम असते, कोणाला ती दुसऱ्याच्या ठायी उतरविता येते. ज्याच्यापाशी ही दोन्ही आहेत त्यालाच शिक्षकांत अग्रस्थान द्यावे. म्हणून आचार्यांनी स्वतः नाचून दाखवावयाचे नाही. त्यांच्या शिष्यांनी प्रयोग करून दाखवावयाचा, असे तेथे ठरते. शिक्षकाची परीक्षा शिष्यावरून, ही कसोटी आपल्याकडे इतकी जुनी आहे. आपले कीर्तनकारही याच वाटेने तयार होतात. बुवांच्या मागे झांज घेऊन उभा राहणारा शिष्य आख्यान ऐकतो, श्रोत्यांचे चेहरे वाचतो, बुवा कोठे थांबतात आणि कोठे घाई करतात ते मनाशी टिपतो, आणि मग एखाद्या दिवशी त्याला स्वतः उभे राहण्याची आज्ञा होते.

महाराष्ट्रातील आधुनिक उच्च शिक्षणाच्या आरंभीही ही दृष्टी होती. सेनापती खंडेराव दाभाडे यांनी सुरू केलेली श्रावणमासातील दक्षिणा पुढे पेशव्यांनी पुण्यात चालू ठेवली होती. इंग्रजी अमदानीत तिच्यातील रकमेचा काही भाग १८२१ साली स्थापन झालेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळविण्यात आला, आणि पुढे याच निधीतून महाविद्यालयांत ‘दक्षिणा फेलो’ नेमण्यात येऊ लागले. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची. त्याच्या १८६२ सालच्या पहिल्या पदवीधरांपैकी महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही असे फेलो होते. स्वतःचे अध्ययन चालू असतानाच खालच्या वर्गांना शिकविणे, हा त्या व्यवस्थेचा भाग होता. पुढे रानड्यांनी एल्फिन्स्टन महाविद्यालयात अध्यापन केले, आणि भांडारकरांचे अवघे आयुष्यच विद्यादानात गेले. येथे आपल्यासारख्या संस्थेने एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. एका वर्गाला दान म्हणून वाटली जाणारी रक्कम होती. तिला कर्तव्याची जोड मिळताच तिच्यातून प्राध्यापक निर्माण झाले. या मुद्द्याकडे आम्ही शेवटी पुन्हा वळणार आहोत.

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाचा विचार झालाच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने नव्या अध्यापकांसाठी उद्बोधन वर्ग असावेत असे सुचविले. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभर अध्यापक प्रशिक्षणाची केंद्रे काढली. तेथे उद्बोधन वर्ग आणि उजळणी वर्ग सुरू झाले. २०२३ पासून ही केंद्रे मालवीय मिशनच्या नावाने चालतात. त्यांतून पुष्कळांचा लाभ झाला आहे. आम्हीही त्या लाभार्थींपैकी एक आहोत. परंतु या व्यवस्थेत एक मूलभूत उणीव राहिली. हे शिक्षण नेमणुकीनंतरचे आहे. प्राध्यापक आधी वर्गात जातो आणि मग कधी तरी शिकविण्यास शिकतो. मधल्या काळात त्याच्यापुढे बसलेल्या मुलांनी काय करावे, याचे उत्तर त्यात नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ही उणीव ओळखली. पीएच.डी.च्या प्रत्येक विद्यार्थ्याने, मग त्याचा विषय कोणताही असो, अध्यापनशास्त्राचा अभ्यास करावा आणि काही तास प्रत्यक्ष शिकवावे, असे त्यात म्हटले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमांत ही गोष्ट आली. संशोधक विद्यार्थ्यास आठवड्यातून चार ते सहा तास शिकवणी, प्रयोगशाळा किंवा मूल्यमापन यांचे काम देता येईल, अशी तरतूदही त्यांत आहे. नियम उत्तम आहे. परंतु काम देणे निराळे आणि काम शिकविणे निराळे. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा विद्यार्थ्याच्या हाती देऊन ‘‘परवापर्यंत तपासून आण’’ असे सांगितले, तर नियम पाळला जातो. विद्यार्थी मात्र काहीच शिकत नाही.

परदेशात हे कसे चालते, याचीही कल्पना आपल्यापैकी अनेक कुटुंबांना असेल. कारण आपली मुले तेथे उच्च शिक्षणासाठी जातात आणि शुल्कमाफीच्या बदल्यात अध्यापन-साहाय्यकाचे काम करतात. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाने महाविद्यालयीन अध्यापनाच्या अभ्यासासाठी १९६२ सालीच स्वतंत्र केंद्र काढले. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६३ च्या सुमारास सूक्ष्म-अध्यापनाची पद्धत निघाली. एकच लहान मुद्दा पाचदहा मिनिटांत थोड्या विद्यार्थ्यांपुढे शिकवावयाचा, त्याचे चित्रण पाहावयाचे, चूक सुधारून तोच पाठ पुन्हा घ्यावयाचा. आमची एक पुतणी तेथे शिकावयास गेली, तेव्हा सत्रारंभापूर्वी तिला असाच पाठ द्यावा लागला. तिने दूरध्वनीवर सांगितले, ‘‘काका, मी दहा मिनिटांतली सात मिनिटे फळ्याशी बोलत होते, मुलांशी नाही, आणि हे मला पडद्यावर पाहीपर्यंत ठाऊकच नव्हते.’’ आम्हांस हे कळावयास कित्येक वर्षे लागली होती.

तथापि तेथील सर्वच अनुकरणीय आहे, असे नव्हे. साहाय्यक म्हणजे स्वस्तात मिळणारे मनुष्यबळ, ही वृत्ती तेथेही आहे. २०२२ च्या अखेरीस कॅलिफोर्निया विद्यापीठातील सुमारे ४८ हजार शैक्षणिक कर्मचाऱ्यांनी संप केला. त्यांत अध्यापन-साहाय्यक मोठ्या संख्येने होते. आपल्याकडे तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या तरुण अध्यापकांची स्थिती आपण जाणताच. नेट किंवा सेट उत्तीर्ण, कित्येकदा पीएच.डी. झालेली ही मंडळी वर्षानुवर्षे तासांच्या हिशेबाने मानधन घेतात, सुट्टीत रिकामी बसतात आणि पुढच्या जूनमध्ये बोलावणे येईल की नाही या चिंतेत असतात. अशा माणसाला ‘अध्यापनाची साधना करा’ असे कोरडे सांगणे हा क्रूरपणा होईल. म्हणून आम्ही हे स्पष्टपणे म्हणू इच्छितो, की शिकण्यासाठी शिकविणे आणि पोटासाठी शिकविणे यांत सीमारेषा असलीच पाहिजे. पहिल्यात विद्यार्थ्यास वडीलधाऱ्याचे मार्गदर्शन मिळावे. दुसऱ्यात अध्यापकास पुरते वेतन मिळावे. मार्गदर्शनही नाही आणि वेतनही नाही, असे काम कोणाच्याही वाट्यास येऊ नये.

आता ही तयारी प्रत्यक्ष कशी व्हावी, ते आमच्या अल्पमतीप्रमाणे सांगतो.

प्रथम ऐकावयास शिकावे. संशोधक विद्यार्थ्याने एखाद्या चांगल्या प्राध्यापकाच्या वर्गात मागे बसावे आणि विषयाकडे न पाहता मुलांकडे पाहावे. त्यांचे लेखन कधी थांबते, माना कधी वर होतात, कोणत्या शब्दाला कुजबुज सुरू होते, हे टिपून ठेवावे. त्यानंतर एखादा लहानसा मुद्दा स्वतः शिकवावा आणि त्या प्राध्यापकाने मागे बसावे. ‘‘छान झाले’’ एवढे सांगून भागत नाही. ‘‘हा प्रश्न विचारल्यावर तुम्ही तीन सेकंदही थांबला नाहीत, उत्तर स्वतःच दिलेत’’ असे नेमके सांगणारा वडीलधारा मिळाला, तर ते भाग्य समजावे.

दुसरी गोष्ट उत्तरपत्रिकांची. पाच उत्तरपत्रिका घ्याव्यात. गुरूने आणि शिष्याने त्या वेगवेगळ्या तपासाव्यात आणि मग गुण शेजारी शेजारी मांडावेत. एकाच उत्तराला एकाने दहापैकी सात आणि दुसऱ्याने चार दिलेले आढळले, म्हणजे दोघांनाही विचार करावा लागतो. आपण काय तपासतो, समज की अक्षर, आशय की इंग्रजी? प्रश्न काढण्याचे शिक्षणही येथेच मिळते. कारण बहुतेक गोंधळलेल्या उत्तरांच्या मुळाशी गोंधळलेला प्रश्न असतो.

तिसरी गोष्ट भाषेची, आणि महाराष्ट्रात ती सर्वांत महत्त्वाची. बारावीपर्यंत मराठीत विचार केलेली मुले पुढे इंग्रजीत लिहिलेली पुस्तके वाचतात. त्यांना विषय कळत नाही असे आपण म्हणतो. पुष्कळदा त्यांना वाक्य कळलेले नसते. संज्ञा इंग्रजी ठेवून तिचा अर्थ मुलांच्या भाषेत उलगडणे, आणि मग मुलांना हळूहळू इंग्रजी वाक्यापर्यंत नेणे, ही कला योजनापूर्वक शिकावी लागते. ज्या तरुण अध्यापकाला ही कला साधेल, तो ग्रामीण भागातील शेकडो मुलांचे शिक्षण वाचवील.

चौथी गोष्ट अडलेल्या विद्यार्थ्याची. सव्वाशेंच्या वर्गापुढे बोलणे तुलनेने सोपे असते. एकटा विद्यार्थी समोर बसून ‘‘कळले नाही’’ म्हणतो तेव्हा अध्यापकाची खरी कसोटी लागते. अशा वेळी त्याला आधी बोलते करावे. ‘‘तुला कोठपर्यंत कळले ते सांग,’’ असे म्हणावे आणि जेथे त्याचा पाय अडला असेल तेथून उचलावे. हे शिक्षण मोठ्या सभागृहात मिळत नाही. चारपाच मुलांच्या लहान शिकवणीत मिळते.

बंधुभगिनींनो, विद्यापीठांनी काय करावे हे सांगून आमचे कर्तव्य संपत नाही. आपल्या हाती काय आहे, त्याचाही विचार करू. आपल्या संस्थेचा विद्यार्थी-साहाय्य निधी आहे, वसतिगृह आहे, वाचनालय आहे आणि निवृत्त अध्यापकांची तर ज्ञातीत वाण नाही. म्हणून कार्यकारी मंडळापुढे आम्ही तीन सूचना नम्रपणे ठेवतो.

पहिली सूचना अशी, की पदव्युत्तर आणि पीएच.डी.च्या ज्या विद्यार्थ्यांना या निधीतून वृत्ती मिळते, त्यांनी आठवड्यातून दोन तास वसतिगृहाच्या अभ्यासिकेत खालच्या वर्गांतील मुलांना शिकवावे. दक्षिणेची वृत्ती झाली ती अशा कर्तव्यामुळेच, हे मघाशी आम्ही सांगितले. दोन तासांहून अधिक भार मात्र त्यांच्यावर घालू नये. त्यांचे संशोधन हे त्यांचे पहिले काम आहे.

दुसरी सूचना आम्हा निवृत्तांसाठी आहे. त्या अभ्यासिकेत आपण पाळीपाळीने मागच्या बाकावर जाऊन बसावे, मध्ये बोलू नये, आणि तास संपल्यावर त्या तरुणाशी पंधरा मिनिटे मोकळेपणाने बोलावे. आमचे नाव या कामासाठी आजच लिहून घ्यावे, अशी चिटणिसांना विनंती आहे.

तिसरी सूचना कदाचित काहींना रुचणार नाही. तरीही ती करतो. ही अभ्यासिका केवळ आपल्या ज्ञातीतील मुलांपुरती ठेवू नये. वसतिगृहाच्या आसपास सर्व समाजांची मुले राहतात. त्यांपैकी जो येईल त्याला बसू द्यावे. जो उद्या विद्यापीठात शिकविणार, त्याच्यापुढे सर्व महाराष्ट्र बसणार आहे. त्याने आजपासूनच तशी सवय करून घेतली पाहिजे. ज्ञातीचा निधी ज्ञातीपलीकडे उपयोगी पडला, तर ज्ञातीची शोभा वाढेल, उणी होणार नाही.

पालकांनाही एक विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी संशोधन करता करता शिकविते म्हणून ‘‘परीक्षा कधी, नोकरी कधी’’ अशी घाई तिच्यामागे लावू नका. ती वर्षे वाया जात नाहीत. झांज घेऊन मागे उभे राहण्याची ती वर्षे आहेत.

समारोप करण्यापूर्वी त्या कोकणातल्या मुलाविषयी दोन शब्द सांगतो. बारा-तेरा वर्षांनी एका लग्नसमारंभात तो आम्हांस भेटला. बँकेत नोकरीस होता, संसार सुखाचा होता. त्याने आम्हांस वाकून नमस्कार केला आणि पत्नीस सांगितले, ‘‘हे आमचे सर. यांनी फार चांगले शिकविले. माझ्याच डोक्यात केमिस्ट्री शिरली नाही.’’ आम्ही काही बोलू शकलो नाही. कोणी तक्रार केली असती तर ती आम्ही सहन केली असती. पण आमची उणीव त्याने इतकी वर्षे स्वतःच्या खात्यावर लिहून ठेवली होती, आणि वर तो आमचे आभार मानीत होता. शिक्षकाच्या चुकीचे असेच होते. ती निकालपत्रात शिक्षकाच्या नावापुढे लागत नाही. ती विद्यार्थ्याच्या नावापुढे लागते, आणि तो तिला आपले प्राक्तन समजतो.

आज सत्कार झालेल्या ज्या विद्यार्थ्यांना प्राध्यापक व्हावयाचे आहे, त्यांच्या टेबलापाशी एक दिवस असा मुलगा खचित येईल. त्याला काय सांगावयाचे, ते त्यांनी त्या दिवसापूर्वीच शिकून घ्यावे, आणि त्यांस शिकविण्याचे काम आपण सर्वांनी मिळून करावे, एवढीच प्रार्थना आहे.